धाकू मिस्त्री आणि आमची मोरी

धाकू मिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्याने नमस्कार केला नाही, पाणी मागितलं नाही, की कुठे बसू असं विचारलं नाही. उंबरठा ओलांडून तो आत आला, ओटीवरच्या शहाबादी फरशीवर त्याने टाच आपटली, मान डावीकडे कलती केली, दोन पावलं पुढे सरकून पुन्हा आपटली. असं करत तो माजघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथून वळून म्हणाला, "ह्यातल्या तीन पोकळ हायत." मग, आता ओळख करून घ्यायला हरकत नाही अशा आवाजात, "मोजणीदार भाऊसाहेब तुमीच ना?"

मीच होतो. महाडला मोजणी खात्यात तेव्हा माझी एकोणीस वर्षं नोकरी झाली होती आणि त्या घरात अकरा. तीन फरश्या पोकळ आहेत हे मला ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर मी दार लावून स्वतः टाच आपटून पाहिली. मला सगळ्या सारख्याच वाजल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या तिन्हींवरून जाताना माझा पाय आपोआप हलका पडू लागला. धाकूशी संबंध आलेल्या प्रत्येक माणसाचं थोडंफार असं होई. त्याच्याजवळची बेचैनी तो जाताना थोडी मागे ठेवून जाई.

त्याला बोलावलं होतं मोरीसाठी. आदल्या श्रावणात माझी पत्नी इंदिरा मोरीत घसरून पडली होती. मोरीला काळा दगड होता. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरे आणि काळ्यावर हिरवं दिसत नसे. खुब्याचं हाड मोडलं. मुंबईच्या इस्पितळात अडीच महिने काढून ती परत आली ती हातात काठी घेऊन. डावा पाय पाऊण इंच आखूड झाला होता; मी मोजला होता. त्यानंतर तिने मोरीत पाऊल टाकलं नाही. मागच्या पडवीत कांबळ्याचा आडोसा करून ती स्टुलावर बसून आंघोळ करी. शेजारच्या सरूबाई तिला धरून बसवत, पाणी घालत, धरून उठवत. इंदिरा तक्रार करणारी बाई नव्हे. पण एकदा सरूबाई गेल्यावर ती मला म्हणाली, "मला एकटीला आंघोळ करता आली पाहिजे. दुसरं काही मागत नाही मी."

पावसाळा लागला की मागच्या पडवीत अशी झड येते की तिथे कोरडं माणूसही भिजून निघतं. म्हणजे जे काही करायचं ते मृगाच्या आत करायला हवं होतं. मी मोरी मोजली. सहा फूट बाय पाच, जमिनीचे तीस चौरस फूट. तीन बाजूंच्या भिंती तीन फूट उंचीपर्यंत धरल्या तर अठ्ठेचाळीस. सहा इंची चौकोनी लाद्या एका चौरस फुटाला चार बसतात. जमिनीला एकशेवीस, भिंतींना एकशेब्याण्णव. फुटतुटीला शेकडा पाच धरून मी मुंबईहून तीनशेतीस लाद्या मागवल्या. पांढऱ्याशुभ्र, चिनी मातीच्या, वरून झिलई दिलेल्या. पांढऱ्या एवढ्यासाठी की शेवाळाचा ठिपका जरी धरला तरी दिसावा आणि लगेच घासता यावा. लॉरीतून आल्या तेव्हा नऊ फुटलेल्या निघाल्या. हिशेबात बसत होतं.

हिशेबात न बसणारा एक धाकू होता. त्याचं नाव मला पोलादपूरच्या एका डॉक्टरांनी सुचवलं होतं. तो मूळ तुडीलचा. मुंबईत चौदा वर्षं लादीकाम करून गावी परतला होता, आणि महाड-पोलादपुरात चिनी लादी लावणारा तेव्हा दुसरा कोणी नव्हता. "हात सोन्याचा आहे," डॉक्टर म्हणाले, "फक्त माणूस एका जागी थांबत नाही." त्यांच्या दवाखान्यात त्याने फरशी घातली होती. पुढे एकदा ते रोगी तपासून बाहेर आले तर धाकू बाकाखाली जमिनीला कान लावून आडवा पडलेला. रोग्यांची समजूत अशी झाली की हा गेलाच, आणि त्यांनी आपापले नंबर सोडून त्याला आधी आत नेण्याची तयारी चालवली. धाकू उठला, गुडघे झटकले, "बरोबर हाय" म्हणाला आणि निघून गेला. कोणी बोलावलं नव्हतं. एस.टी. पोलादपूरला पंधरा मिनिटं थांबते, तेवढ्यात त्याने एक लादी तपासून घेतली होती.

दिसायला तो विशेष नव्हता. पंचेचाळिशीचा, काटकुळा, डोक्याला पंचा, अंगात मुंबईची खाकी अर्धी चड्डी. लक्षात राहत ते त्याचे गुडघे. वर्षानुवर्षं त्यांवर रांगून ते बैलाच्या खांद्यासारखे घट्ट आणि काळे झाले होते. कामावर असला की तो रांगायचाच, आणि तेव्हा तो ऐटबाज दिसे. उभा राहिला की अवघडल्यासारखा होई, हातांचं काय करावं ते त्याला कळत नसे. चहा उभ्याने पिई. विडी पेटवून दोन झुरके घेई, विझवून कानामागे ठेवी आणि ती तिथे आहे हे विसरून दुसरी पेटवी. एकदा मी त्याच्या दोन्ही कानांमागे मिळून तीन मोजल्या. ठोकायला त्याच्याजवळ एक बाभळीची दांडी होती, वीतभर लांब. तिने प्रत्येक लादीच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्यावर असे पाच टोले तो देई, आणि ऐकताना डोळे मिटून घेई. "लादी बोलते," तो म्हणे, "आपण गप बसलं तर." हे म्हणणारा माणूस स्वतः मात्र क्षणभर गप बसत नसे.

पहिल्याच दिवशी त्याने माझ्या लाद्यांतली एक उचलली, तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं आणि मला अंगठा टेकवायला सांगितला. अंगठा सरकला.

"भिंतीला लावा," तो म्हणाला. "भिंतीवर कोण चालत नाय."

मी त्याला शेवाळाची गोष्ट समजावून सांगितली. पांढऱ्यावर दिसेल, रोज घासता येईल. उतार किती द्यायचा तेही मी कागदावर काढून ठेवलं होतं. मी बोलत असताना तो मोरीत जात होता, बाहेर येत होता, पुन्हा जात होता. मग त्याने इंदिरेला माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. ती चालली. तो तिच्या चेहऱ्याकडे एकदाही न बघता फक्त पावलांकडे बघत होता.

"वयनी, डावा पाय कडेनं टेकता तुमी. अंगठ्यावर भार येत नाय."

"येत नाही खरा," इंदिरा म्हणाली. इस्पितळातून आल्यापासून तिच्या पायाविषयी जो तो हळहळे. नुसतं जे आहे ते सांगणारा हा पहिलाच. ती त्या दिवशी दोनदा म्हणाली की माणूस कामाचा दिसतो.

उद्या हत्यारं घेऊन येतो म्हणून तो गेला आणि चार दिवस उगवला नाही. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. मी रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी रस्त्यावर नजर टाकी, संध्याकाळी आल्याबरोबर विचारी. पाचव्या दिवशी, रविवारी, सायकल काढली आणि तुडील गाठलं.

घरापुढे त्याची बायको चंद्री कुळीथ पाखडत होती. कामावर सिमेंट-वाळू कालवायला तीच त्याच्याबरोबर असे. मी कोण ते सांगितल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"तो काय घरात हाय? वरंधला गेला. भाकर खाता खाता उठला."

वरंधच्या एका दुकानात त्याने दोन वर्षांपूर्वी लादी घातली होती. त्यातली दारापासची एक त्याला आठवली होती. आठवली म्हणजे काय, असं मी विचारलं.

"म्हंजे आठवली," चंद्री म्हणाली. "तुमाला माणसं आठवतात, त्याला लाद्या."

मी घाम पुसत उभा होतो म्हणून की काय, तिने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि आपण होऊन पुढचं सांगितलं. मुंबईत असताना एका शेठच्या न्हाणीघरात अशीच गुळगुळीत लादी जमिनीला घालायची होती. धाकू मुकादमाला नको म्हणाला. मुकादमाने ऐकलं नाही, धाकूने घातली. काम आटोपून सामान गोळा करत असताना घरातली म्हातारी आत गेली आणि पडली. धाकूने तो आवाज ऐकला. लोक धावले, गाडी आली, तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मुकादमाने धाकूला दुसऱ्या कामावर पाठवलं. ती जगली की मेली, चालू लागली की अंथरुणाला खिळली, काहीच कळलं नाही. धाकू दोनदा त्या बंगल्यावर जाऊन आला. गुरख्याने फाटकातूनच परत लावलं.

"मेली असं कळलं असतं तरी बरं झालं असतं," चंद्री म्हणाली. "एकदा रडला असता नि मोकळा झाला असता. तवापासनं पायाला भिंगरी हाय. आपण घातलेल्या जमिनीवर कोण पडत नाय ना, ते बगत फिरतो."

मी सायकलवरून परत येताना ठरवलं की हा माणूस आपल्या कामाचा नाही. पण दुसरा कोणी नव्हता, आणि मृगाला सतरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच तो आणि चंद्री दारात. वरंधची लादी खरंच पोकळ निघाली होती. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. उलट ती दोन वर्षं तशीच राहिली ह्याची टोचणी होती. काळा दगड त्याने उखडला, भिंतींना दोन दिवसांत लाद्या चढवल्या, आणि त्या अशा की माझ्या फुटपट्टीला कुठे पाव सूतही फरक सापडला नाही. माझा राग निवळला. मग मला कुडपणच्या मोजणीला जावं लागलं. पोलादपूरपर्यंत एस.टी. आणि तिथून पायी डोंगर चढायचा, म्हणजे जाऊन-येऊन तीन दिवस. जमिनीची लादी झिलई वर ठेवूनच घालायची, उतार कागदावर आहे तसा, असं मी त्याला बजावलं. त्याने मान हलवली. धाकू कशालाही मान हलवी हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तीन दिवस वर पठारावर साखळी टाकताना माझं लक्ष खाली महाडात होतं. एका हद्दीची बेरीज मी दोनदा चुकलो. नोकरीत असं माझ्याकडून झालेलं नव्हतं.

परत आलो, चपला काढल्या, सरळ मोरीपाशी गेलो. भिंती पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या आणि जमीन मळकट, करड्या रंगाची, खरखरीत. क्षणभर वाटलं, लाद्या घालायच्या राहिल्यात. मग उकिडवं बसून पाहिलं. लाद्या घातल्या होत्या, एकशेवीसच्या एकशेवीस. उलट्या. सिमेंट धरण्यासाठी लादीच्या पाठीवर ज्या खाचा असतात, त्या वर आल्या होत्या.

मी रागावतो तेव्हा ओरडत नाही, आकडे सांगतो. मी त्याला लादीचा दर सांगितला, मुंबईचं अंतर सांगितलं, आणि झिलईवर सिमेंट धरत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं असं सांगितलं. त्याने कोपऱ्यातून एक उरलेली लादी आणून माझ्यापुढे धरली. तिच्या चकचकीत तोंडावर छिन्नीने आडवे-उभे चरे मारले होते, मोजून अठरा. असे प्रत्येक लादीला. सिमेंटला धरायला जागा हवी म्हणून. नवराबायकोने दीड दिवस नुसते चरे मारले होते. आता त्या लाद्या सरळ करून घालायचा प्रश्नच उरला नव्हता.

"आणि पाठ पाणी पिते, त्याचं काय?" मी म्हणालो.

पिते म्हणूनच त्या त्याने सिमेंटच्या पातळ पाण्यात दिवसभर बुडवून ठेवल्या होत्या. "पोट भरल्याबिगर एक लावली नाय," तो म्हणाला.

मी म्हणालो, उचल. सगळ्या उचल आणि जा. भरपाईचं मग बघू.

तो गुडघ्यांवरच होता. त्याने वर पाहिलं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच हलायचा थांबला होता.

"भाऊसाहेब, लादी तुमची. पण पाय वयनीचा हाय," तो म्हणाला. "सात दिवस पाणी धरू द्या. आठव्या दिवशी वयनी वल्या पायानं चालतील. त्या बोलल्या उचल, तर मी उचलतो नि मुंबईला जाऊन सरळ लादी मी आणतो."

ही त्याची पद्धतच होती, असं मागाहून कळलं. घरातलं सर्वांत कच्च्या पायाचं माणूस ओल्या पावलांनी त्याच्या जमिनीवर चालल्याशिवाय तो काम संपलं म्हणत नसे आणि कामाच्या शेवटी मिळणारा नारळ घेत नसे. कोणाच्या घरी म्हातारा चालायचा, कोणाच्या घरी नुकतं पाय टाकू लागलेलं मूल.

मी इंदिरेकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात काठीवर भार देऊन उभी होती. मी नसताना हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. तिने थांबवलं कसं नाही असं मला विचारायचं होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून विचारलं नाही. ती त्या खरखरीत जमिनीकडे अशी बघत होती, जसं एखाद्या अनोळखी कुत्र्याकडे बघावं. चावेल की नाही ह्याचा अंदाज घेत.

ते सात दिवस वाईट गेले. मोरीत चार बोटं पाणी धरून ठेवलं होतं. धाकू रोज यायचा. काम काही नव्हतं. पाण्यात हात घालून लाद्या चाचपायचा, मागच्या अंगणात जायचा, परत यायचा. झिलई खाली करून लादी त्यानेही आयुष्यात पहिल्यांदाच घातली होती. चरे धरतील की नाही ह्याची खात्री त्याला नव्हती, आणि ते त्याने माझ्यापासून लपवलंही नाही. मी आकाशाकडे बघायचो. पश्चिमेला ढग साठायचे, दुपारी उकडायचं, संध्याकाळी काहीच व्हायचं नाही. इंदिरा ताटं वाढताना मधेच थांबायची. एकदा ती मला म्हणाली, "मी नाही गेले आत, तर काय होईल?" मी म्हणालो, काही होणार नाही, सरूबाई आहेतच. ती पुढचं ताट वाढायला लागली, आणि आपण चुकीचं उत्तर दिलं एवढं मला कळलं.

आठव्या दिवशी सकाळी धाकूने पाणी काढलं. एका टोकाला बादली उपडी केली. पाणी कुठेही न रेंगाळता भोकाकडे गेलं. मग त्याने एकशेवीस लाद्यांना प्रत्येकी पाच टोले दिले. मी दारात उभा राहून मोजत होतो. डोळे उघडून तो म्हणाला, "बोलतात. बरोबर बोलतात." आणि बाजूला झाला.

इंदिरा उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. काठीचं टोक आत टेकलं, पुन्हा बाहेर घेतलं. तिच्या मानेवर घाम आला होता. मी हात पुढे केला तर तिने तो पाहिलाही नाही. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "तुम्ही सगळे बाहेर जा. अंगणात. चंद्री तू पण जा गो."

आम्ही मागच्या अंगणात येऊन उभे राहिलो. मोरीची भिंत आमच्या समोर होती आणि तिच्यात वर एक हातभर झरोका. धाकू भिंतीपाशी गेला आणि कान लावून उभा राहिला. आतून प्रथम काहीच ऐकू आलं नाही. मग काठीचा ठोका. थोड्या वेळाने दुसरा. मग पाऊल घासल्याचा आवाज, तो ऐकून धाकूने माझं मनगट धरलं. मी पंचवीस-तीस हद्दींच्या भांडणांत उभा राहिलेला माणूस, पण त्या वेळी काय होतंय आणि किती वेळ झाला हे मला सांगता आलं नसतं. मी मोजायचं विसरलो होतो.

मग काठी भिंतीला टेकून ठेवल्याचा आवाज आला. आणि बादलीत तांब्या बुडल्याचा.

तिने पहिला तांब्या ओतला. पाणी जमिनीवर पडलं, वाहिलं. दुसरा ओतला. मग लागोपाठ. दहा महिन्यांची आंघोळ ती एकदमच करत होती असं वाटलं.

धाकूने झरोक्याकडे तोंड करून विचारलं, "वयनी, पाय सरकतो काय?"

"सरकत नाही," आतून इंदिरा म्हणाली. मग थोडं थांबून, "पण टोचते तुमची लादी."

चंद्री तोंडाला पदर लावून हसू लागली. मीही हसलो असेन. धाकू हसला नाही. टोचते हे त्याने मनावर घेतलं. तो तसाच बाजारात गेला, कुरुंदाचा दगड घेऊन आला, आणि पुढचे दोन दिवस गुडघ्यांवर बसून सगळ्या खाचांच्या कडा घासून बोथट केल्या. मगच नारळ घेतला. मृगाला एक दिवस राहिला होता.

त्यानंतर पाच-सहा वर्षं तो येत राहिला. चार महिन्यांनी, दोन महिन्यांनी, कधी आठवड्यात दोनदा. दारातून आत यायचा, सरळ मोरीत जायचा, ठोकायचा, "बोलतात" म्हणायचा, चहा उभ्याने पिऊन जायचा. मला प्रथम त्रास व्हायचा. रविवारी जेवायला बसावं आणि आतून टक् टक् सुरू व्हावं. इंदिरेला कधीच त्रास झाला नाही. ती त्याला रोजची बातमी दिल्यासारखी सांगे, आज काठी न घेता गेले, आज केस धुतले. तो पावलांकडे बघत ऐके. सरूबाई आता आमच्याकडे फक्त गप्पा मारायला येत, आणि त्या जास्त वेळ बसत.

मग डिसेंबरातला तो मोठा भूकंप झाला. पहाटे घर हललं, आम्ही अंगणात आलो. इंदिरा माझ्या आधी पोचली होती. महाडात भिंतींना तडे गेले, कौलं घसरली, लोक उघड्यावर झोपू लागले. जमीन दिवसातून चार-पाच वेळा गुरगुरे. भांडी वाजली की माणसं बाहेर पळत. अशा वेळी सगळे घरांतून बाहेर येत होते आणि धाकू मिस्त्री घराघरांत शिरत होता. तुडीलहून तो चालत आला होता. ज्या ज्या घरी त्याने जमीन घातली तिथे जाऊन ठोकत होता. काहींनी त्याला वेडा म्हणून हाकललं. तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. डोळे लाल, आवाज बसलेला, खोकत होता. रात्री कुठे झोपतोस विचारलं तर म्हणाला, "झोपायला कुठं टाइम हाय."

त्याने मोरी ठोकली. ह्या वेळी "बोलतात" म्हणाला नाही. कोळशाने फुल्या मारत गेला. मी मोजल्या. अकरा झाल्या. मधल्या दोन, बाकीच्या कडेच्या. चऱ्यांनी धरलेलं सिमेंट हादऱ्याने सुटलं होतं. दुरुस्तीला सिमेंट हवं आणि सिमेंट त्या दिवसांत परमिट असूनही कोणाला मिळत नव्हतं.

तो उठला आणि इंदिरेसमोर जाऊन उभा राहिला. एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यायला यावं तसा. तो म्हणाला, मी सिमेंट घेऊन येईस्तोवर आत जाऊ नका. आठ दिवस म्हणा, पंधरा म्हणा. तोवर त्या शेजारच्या बाईंना बोलवा.

इंदिरेने त्याच्याकडे पाहिलं. मग मोरीच्या दारात गेली आणि फुल्यांकडे बघत उभी राहिली.

"अकरा ना?" ती म्हणाली. "एकशेनऊ आहेत की अजून." आणि काठी न घेता, फुल्या टाळत, पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आली.

धाकूने कानामागची विडी काढली, हातात फिरवली, पुन्हा ठेवली आणि चहा न घेता गेला.

तो पुन्हा आमच्या घरी आला नाही. पोलादपूर, मग वरची गावं, थंडीत उघड्यावर निजून तो हिंडत राहिला. जानेवारीत न्यूमोनिया झाला आणि आठ-दहा दिवसांत गेला. हे आम्हाला चंद्रीने सांगितलं. फाल्गुनात ती अर्धं पोतं सिमेंट आणि बाभळीची दांडी घेऊन आली. अकरा लाद्या उचलून तिने एकटीने बसवल्या. ठोकताना तीही डोळे मिटत होती.

मी त्याला शेवटचा पाहिला तो आमच्याकडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, महाडच्या नाक्यावर. पोलादपूरकडे पत्रे आणि बांबू घेऊन जाणारी एक लॉरी उभी होती आणि पत्र्यांच्या ढिगावर, मागे तोंड करून, धाकू बसला होता. माझी नजर गेली तेव्हा लॉरी सुटत होती. त्याने मला पाहिलं आणि काहीतरी ओरडला. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी हात कानाला लावला. तेव्हा त्याने डावा तळहात पुढे धरला, उजव्या हाताची दोन बोटं त्यावर उभी केली आणि चालवून दाखवली, सावकाश, एक बोट जरा कडेने टेकत. मग हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

इंदिरा त्या सकाळी आंघोळ करून, केस पुसत माझ्या आधी अंगणात आली होती. मी जोरजोरात मान हलवली, मग हातही वर केला. लॉरी वळली, मागे धुरळा उठला. त्याला दिसलं की नाही, मला कळलं नाही.